श्वास कोंडल्याने बळ वाढते का?

‘डॉक्टर, नातवाने हा मास्क आणून दिला आहे. तो लावून वजने उचलली, तर फुप्फुसे मजबूत होतात म्हणे. आम्ही लावावा का?’ या आशयाचा प्रश्न अलीकडे दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुधा साठी ओलांडलेले असतात. डॉक्टरांनी किंवा मुलांनी सांगितले म्हणून त्यांनी जिममध्ये नाव घातलेले असते, आणि शेजारी व्यायाम करणाऱ्या तरुणाच्या तोंडावर काळा, जाड, जाळीदार झडपांचा मास्क त्यांनी पाहिलेला असतो. प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरावर काही घरांतील ज्येष्ठांची सुरक्षितता अवलंबून आहे. म्हणून आजचा लेख त्यासाठी.

हा मास्क म्हणजे नेमके काय?

करोनाच्या काळात आपण वापरलेल्या मास्कशी याचा संबंध नाही. तो मास्क हवेतील जंतू व थेंब अडवण्यासाठी होता. व्यायामाचा मास्क हवेचा प्रवाहच अडवतो. रबरासारख्या लवचीक कापडाचे आवरण नाकातोंडावर घट्ट बसते, डोक्यामागे पट्टा आवळला जातो आणि पुढील बाजूस लहान-मोठ्या छिद्रांच्या झडपा असतात. छिद्र जेवढे लहान, तेवढा श्वास आत ओढण्यास जोर अधिक लागतो. जाड पेय बारीक नळीने ओढून पिताना गालांना जे कष्ट पडतात, तेच येथे छातीच्या स्नायूंना पडतात.

अशा काही मास्कच्या झडपांना 3,000 फुटांपासून 18,000 फुटांपर्यंतचे आकडे दिलेले असतात. हा मास्क लावल्यास उंच पर्वतावर व्यायाम केल्याचा लाभ मिळतो, असा त्यामागील दावा. हा दावा तपासून पाहण्याजोगा आहे.

उंचीचा आभास

उंचावर हवा विरळ होते, म्हणजे तिचा दाब कमी होतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण मात्र सर्वत्र सुमारे 21 टक्केच असते. समुद्रसपाटीला हवेचा दाब 760 मिलिमीटर पारा एवढा असतो. सुमारे 3,500 मीटर उंचीवरील लेहमध्ये तो जवळजवळ दोन तृतीयांश उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक रक्तात जाणारा प्राणवायू घटतो. ही घट दिवसरात्र टिकली, की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवतात आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. लेहला सहलीस जाणाऱ्यांना पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यावयास सांगतात, कारण शरीराला या बदलाशी जुळवून घेण्यास वेळ लागतो. 1968 चे ऑलिम्पिक सामने 2,240 मीटर उंचीवरील मेक्सिको सिटीत झाले, आणि तेव्हापासून उंचीवरील सरावाकडे क्रीडाजगताचे लक्ष विशेष वेधले गेले.

मास्क यातील काहीही करत नाही. तो हवेचा दाब कमी करत नाही, आणि अर्धा-पाऊण तास लावलेल्या साधनाने तांबड्या पेशी वाढण्याइतका काळही मिळत नाही. श्वास ओढण्याचे श्रम तेवढे वाढतात. शिवाय मास्कच्या पोकळीत साठलेली, नुकतीच बाहेर टाकलेली हवा पुन्हा थोडीशी आत घेतली जाते. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड अधिक असतो. कोंडल्यासारखे वाटण्यामागे श्वासाचे वाढलेले श्रम आणि हा वायू, दोन्ही असतात. पर्वतावरचा दम आणि मास्कमधला दम वरवर सारखे भासले, तरी त्यांची कारणे निरनिराळी आहेत.

येथे ऑक्सिमीटरविषयी एक सूचना. मास्क लावून व्यायाम करताना बोटावरील यंत्र 97 दाखवते, म्हणून सर्व ठीक आहे, असा निष्कर्ष काही जण काढतात. ते यंत्र रक्तातील प्राणवायूची पातळी सांगते. कार्बन डायऑक्साइडची सांगत नाही आणि हृदयावर किती ताण आहे, हेही सांगत नाही.

प्रयोगांत काय आढळले?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस येथील संशोधकांनी 2016 मध्ये अशा मास्कचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. 24 जणांनी सहा आठवडे सायकलवर जोरकस व्यायाम केला. काहींनी मास्क लावून, काहींनी न लावता. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दोन्ही गटांत वाढली आणि त्या वाढीत लक्षणीय फरक आढळला नाही. हिमोग्लोबिनमध्येही लाभ दिसला नाही. श्वसनाशी निगडित काही निकषांत मास्कच्या गटाची थोडी सुधारणा दिसली, एवढेच. म्हणजे लाभ झाला तो मुख्यतः व्यायामाचा.

वजने उचलण्याबाबतचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. नियमित वजने उचलणाऱ्या मंडळींनी एकदा मास्क लावून व एकदा मास्कविना बैठका आणि बेंच प्रेस केले. मास्क लावल्यावर वजन उचलण्याचा वेग मंदावला आणि व्यायाम करणाऱ्यांना आपली सावधता व एकाग्रता उणावल्याचे जाणवले. तरुणाची एकाग्रता क्षणभर ढळली, तर एखादा प्रयत्न वाया जातो. पंचाहत्तरीच्या व्यक्तीची ढळली, तर तोल जाऊ शकतो.

वजन उचलताना रक्तदाब

मास्क बाजूला ठेवला, तरी वजन आणि श्वास यांचे नाते ज्येष्ठांनी समजून घ्यावे असे आहे. जड वस्तू उचलताना आपण नकळत श्वास रोखतो, छाती व पोट घट्ट करतो आणि कुंथतो. वैद्यकात या क्रियेला वल्साल्वा क्रिया म्हणतात. अठराव्या शतकाच्या आरंभी कानावर ग्रंथ लिहिणाऱ्या इटालियन शरीरशास्त्रज्ञ अंतोनियो मारिया वल्साल्वा यांच्यावरून हे नाव पडले. बद्धकोष्ठात शौचास बसल्यावरचे कुंथणेही याच जातीचे. त्या क्षणी छातीतील दाब वाढतो आणि रक्तदाब एकदम चढतो. कुंथणे लांबले, तर हृदयाकडे परतणारे रक्त घटून दाब उतरू लागतो. श्वास सोडताच तो आणखी घसरतो व पुन्हा उसळतो. काही सेकंदांत एवढे हेलकावे बसतात.

हे हेलकावे किती मोठे असू शकतात? 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच कसलेल्या शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून वजने उचलतानाचा रक्तदाब मोजला गेला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी 320/250 पर्यंत गेला. एकाचा तर 480/350 च्याही वर. ही मंडळी तरुण व निरोगी होती आणि वजने त्यांच्या कमाल क्षमतेच्या जवळची होती. हलक्या वजनांनी, नीट श्वास सोडत व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांचा रक्तदाब असा चढत नाही, म्हणून घाबरून जाऊ नये. बोध इतकाच, की श्वास रोखण्याची किंमत मोठी आहे, आणि वयानुसार ताठर झालेल्या रक्तवाहिन्यांना ती अधिक भारी पडते.

आता यात मास्कची भर घाला. श्वास आधीच अपुरा वाटत असतो, त्यामुळे वजन वर नेताना उच्छ्वास आणि खाली आणताना श्वास ही लय मोडते. माणूस दम साठवतो, श्वास धरून जोर काढतो आणि नंतर धापा टाकतो. टाळायचे होते तेच घडते.

कोणी हा मास्क मुळीच लावू नये?

उच्च रक्तदाब, हृदयविकार, हृदयाच्या झडपेचा अरुंदपणा, अनियमित ठोके, पूर्वी झालेला पक्षाघात, महाधमनीचा फुगवटा, दमा किंवा सीओपीडी, काचबिंदू, मधुमेहामुळे दृष्टिपटलात झालेले बदल, नुकतीच झालेली डोळ्यांची अथवा पोटाची शस्त्रक्रिया, हर्निया, वारंवार येणारी भोवळ, यांपैकी एकही बाब असेल, तर प्रश्नच उद्भवत नाही. साठीनंतर या यादीतील काहीच नाही, असे भाग्यवान थोडे. तेव्हा माझे सर्वसाधारण उत्तर स्पष्ट आहे : ज्येष्ठांनी ताकदीचे व्यायाम करताना हा मास्क लावू नये.

एक कारण असे, जे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. मास्क चेहरा झाकतो. ओठ निळसर पडले, तोंड एका बाजूला झुकले, चेहऱ्यावर वेदना उमटली, शब्द अडखळले, तर सोबतच्या माणसाला ते दिसत नाही व ऐकू येत नाही. धोक्याच्या पहिल्या खुणा जिथे उमटतात, तीच जागा झाकली जाते.

मास्क गेला, व्यायाम मात्र जाऊ नये

माझ्या एका रुग्णाची हकीकत सांगतो. वय सदुसष्ट; रक्तदाबाची गोळी चालू, प्रोस्टेटसाठीही एक गोळी चालू. मुलाचा मास्क लावून त्यांनी घरीच डंबेल्स घेऊन बैठका मारल्या. पाचव्या-सहाव्या बैठकीनंतर वजन खाली ठेवून ते ताठ उभे राहिले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते हातावर पडले. मनगटाचे हाड मोडले. दोष एकट्या मास्कचा नव्हता. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताना रक्तदाब खाली येतो. त्यात सकाळी उपाशीपोटी व्यायाम आणि वर कोंडलेला श्वास, असे तीन धागे एकत्र गुंतले.

परंतु खरी हानी त्यानंतर झाली. घरच्यांनी भीतीने सर्वच व्यायाम बंद केला. ‘बाबा, आता तुम्ही फक्त आराम करा,’ असे प्रेमाने सांगितले. हाड सहा आठवड्यांत जुळले. पण चार महिन्यांनी ते दवाखान्यात आले, तेव्हा हातांचा आधार घेतल्याशिवाय त्यांना खुर्चीतून उठता येत नव्हते. मांड्या कृश झाल्या होत्या. मास्कने जेवढे हिरावले नव्हते, तेवढे त्या सक्तीच्या विश्रांतीने हिरावले. पुढे खुर्चीतून उठण्या-बसण्यापासून आम्ही पुन्हा आरंभ केला आणि काही महिन्यांत गेलेले बरेचसे परत आले.

तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. कमोडवरून उठणे, जिना चढणे, बसच्या पायरीवर पाय टाकणे, अडखळल्यावर सावरणे, ही सारी स्वावलंबनाची कामे मांड्यांच्या बळावर चालतात. हे बळ उतारवयातही परत मिळवता येते. 1990 मध्ये बोस्टनमधील एका वृद्धनिवासात सरासरी नव्वद वर्षांच्या, प्रकृतीने क्षीण अशा दहा व्यक्तींना आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम देखरेखीखाली दिले गेले. ज्यांनी तो कार्यक्रम पूर्ण केला, त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. त्यांच्या तोंडावर मास्क नव्हता. होते ते हळूहळू वाढवत नेलेले वजन.

मुद्द्याचा गाभा येथे आहे. स्नायू वाढतो तो त्याच्यावर पडणाऱ्या भाराने. मास्क लावल्यावर मांडी थकण्याआधी दम थकतो, आपण आठऐवजी पाचच वेळा उठतो आणि ज्या स्नायूसाठी बसलो, त्याचाच वाटा कमी होतो. खूप दम लागला, म्हणजे खूप लाभ झाला, ही समजूत सोडून द्यावी.

घरी कसे करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनात 65 वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायुबलाचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवले आहेत. चालणे वेगळे; ते याला पर्याय नव्हे. आपल्या डॉक्टरांची अनुमती घेऊन पुढील चार व्यायामांनी प्रारंभ करता येतो.

1. भिंतीला टेकवलेल्या, हात असलेल्या भक्कम खुर्चीतून उठणे व सावकाश बसणे.
2. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळहातांनी भिंतीवर दंड काढणे.
3. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे व टेकवणे.
4. बसून, एक लिटर पाण्याची भरलेली बाटली कोपरातून वाकवून वर आणणे. तिचे वजन साधारण एक किलो भरते.

प्रत्येक व्यायाम आठ ते दहा वेळा, मध्ये एक-दोन मिनिटे विश्रांती, मग पुन्हा एक फेरी. थांबताना ‘आणखी दोन-तीन वेळा जमले असते’ असे वाटले पाहिजे. बारा वेळा सहज जमू लागले, की भार किंचित वाढवावा. लागोपाठच्या दोन दिवशी तेच व्यायाम करू नयेत. उपाशीपोटी करू नयेत आणि भरल्या पोटीही. बसलेल्या स्थितीत रक्तदाब 180/110 पेक्षा अधिक असेल, तर त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टरांना कळवावे.

श्वासाचा नियम एका वाक्यात मावतो : जोर लावताना श्वास सोडावा, सैल होताना घ्यावा. खुर्चीतून उठताना सोडावा, बसताना घ्यावा. हे ध्यानात राहत नसेल, तर एक सोपी युक्ती आहे. उठताना मोठ्याने आकडा म्हणावा : एक, दोन, तीन. बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखता येत नाही. मास्क लावल्यास ही युक्तीही अवघड होते.

प्राणायाम करणाऱ्यांसाठीही दोन शब्द. संथ श्वसन हितकारक आहे. पण रक्तदाब, हृदयविकार वा काचबिंदू असताना दीर्घ कुंभक करू नये, आणि वजन हातात असताना तर कुंभक मुळीच नको.

श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम : वेगळा विषय

या मास्कच्या दाव्यात सत्याचा एक कण आहे. श्वासपटल व बरगड्यांमधील स्नायूंनाही व्यायामाने बळ येते. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील अभ्यासात, जो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, 50 ते 79 वयाच्या 36 व्यक्तींपैकी निम्म्यांनी हातात धरायच्या छोट्या उपकरणातून रोज 30 श्वास जोर लावून ओढले. आठवड्यातून सहा दिवस, सहा आठवडे. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 9 मिलिमीटरने उतरला. सीओपीडीच्या काही रुग्णांनाही असे व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञ देतात. मात्र अशा उपकरणात प्रतिरोध मोजून ठरवलेला असतो, तोंडावर काही बांधलेले नसते, नको वाटले तर क्षणात ते दूर करता येते, आणि त्या वेळी हातात वजन नसते. श्वासाचा व्यायाम वेगळा आणि स्नायूंचा वेगळा, असे दोन कप्पे ठेवावेत.

अनेक घरांत बायपासनंतर किंवा करोनानंतर आणलेले तीन चेंडूंचे उपकरण पडून असते. ते फुप्फुसे पूर्ण फुलवण्यासाठी आहे. बसून, सांगितले असेल तेवढेच वापरावे.

साध्या सर्जिकल मास्कविषयी विचारणा होते. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी गर्दीत तो अवश्य लावावा. त्याने प्राणवायू कमी पडत नाही. दमवणाऱ्या व्यायामासाठी मात्र गर्दी नसलेली, हवेशीर जागा निवडावी. 2020 मध्ये व्यायामशाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही व्यायामाच्या वेळी मास्कमुळे, विशेषतः एन-95 मुळे, श्वास घेण्यास अडचण येऊ शकते, अशी सूचना दिली होती.

सोबत असणाऱ्यांसाठी

घरातील ज्येष्ठ व्यायाम करत असताना शेजारी बसावे, मोबाइलमध्ये नव्हे तर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे आणि मधूनमधून बोलते ठेवावे. एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत नसेल, तर भार अधिक झाला आहे. पुढील खुणा दिसताच व्यायाम तत्काळ थांबवावा : छातीत, जबड्यात वा डाव्या हातात जडपणा, भोवळ, थंड घाम, छातीत धडधड, एकाएकी तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधूक होणे, बोलणे अडखळणे, चेहरा वा हात एका बाजूने लुळा पडणे. विश्रांतीनंतर बरे वाटेल म्हणून वाट पाहू नये. 108 ला दूरध्वनी करावा. बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल, तर नाडी वाढलेली दिसत नाही, म्हणून नाडीच्या आकड्यावर विसंबू नये. व्यायाम संपल्यावर त्यांना दोन मिनिटे बसू द्यावे, मगच उभे करावे.

नातवंडांचा हेतू चांगला असतो. त्यांचे मन मोडू नये. मास्क त्यांना परत द्यावा आणि त्याऐवजी आठवड्यातून दोनदा अर्धा तास मागून घ्यावा.

त्यांना सोबतीला घेऊन एक चाचणी अवश्य करावी. हात छातीवर घडी घालून ठेवावेत आणि 30 सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजावे. हातांचा आधार घ्यावा लागला, तर शून्य धरावे. अमेरिकेतील रोगनियंत्रण संस्थेच्या तक्त्यानुसार 65 ते 69 वयाच्या पुरुषांना 12 हून कमी आणि स्त्रियांना 11 हून कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका अधिक मानतात. 75 ते 79 वयात हे आकडे अनुक्रमे 11 आणि 10 आहेत. आपला आकडा आजच्या तारखेसह दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, आठ आठवडे वरील व्यायाम करावेत आणि पुन्हा मोजावे. आकडा कमी असेल, तर खचू नये. पुढच्या तपासणीस येताना तो आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगावा.